मिसरच्या वाटेवरची पैनगंगा

बाबा, परवा तुमच्या पणतूने मला मोबाइलवर एक माणूस दाखवला. चांगला कोट घातलेला, दाढी कोरलेली, बोलायला गोड. येशू नावाचा माणूस कधी झालाच नाही, म्हणतो. आधीच्या देवांच्या गोष्टी होत्या, इकडची एक, तिकडची एक, त्या जोडून शिवलेली ही गोधडी आहे. पोरगं हसत होतं. "आज्जी, तुला राग येतो का बघत होतो," म्हणालं. राग कसला येतोय डोंबलाचा! माझे हातपाय गार पडले. चहा तसाच खाली ठेवला. सत्तरी उलटली माझी, उभा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून काढला, रक्त, पू, मढी सगळं पाहून झालं, आणि एका दाढीवाल्याच्या चार वाक्यांनी माझी पाचावर धारण बसली. कारण ती वाक्यं मला नवीन नव्हती. मेहकरच्या वाचनालयात, तुमच्या शेजारी बाकावर बसून ती मी ऐकली होती, आणि तेव्हाही माझे हातपाय असेच गार पडले होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा हा राक्षस तिथून निघून माझ्यामागे चालतच आला, एवढी वर्षं, आणि आता मोबाइलमध्ये बसलाय.

पुढच्या मंगळवारी औरंगाबादला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. झडप बदलायची आहे. डॉक्टर पोरगेलासा आहे, "काकू, काही काळजी करू नका" म्हणतो. हे वाक्य मीही हजारदा म्हटलेलं आहे, त्यामुळे त्याची किंमत मला माहीत आहे. तर बाबा, फिरवून बोलत नाही. मला एकच विचारायचं आहे. आई भेटणार आहे का? तुम्ही सांगितलं होतं भेटणार. तिच्या थडग्याशी उभं राहून, माझं मनगट धरून सांगितलं होतं. त्याच्यावर मी आजपर्यंत चालले. आणि ते खरं की कुठून घेतलेलं, हे मला अजून माहीत नाही.

तो उन्हाळा आठवतो ना. आपलं राज्य नवंनवं झालं होतं, शाळेतल्या नकाशावर मास्तरांनी नवी हद्द तांबड्या शाईने ओढली होती, आणि मी मॅट्रिकला होते. आई बाळंतपणात गेली, बाळासकट. मिशनच्या आवारातल्या आपल्या दोन खोल्या, त्यात मागच्या खोलीत ती. सकाळी कण्हत होती, दुपारी कण्हायची थांबली. मी दारात उभी, हातात गरम पाण्याचं पातेलं, आणि आत कोणी पाणी मागेचना. तुम्ही रडला नाहीत. कबरस्थानात सगळ्यांची माती टाकून झाल्यावर मला म्हणालात, "पोरी, जातो म्हनू नोको. भेटू म्हन." मी म्हटलं, "आई, भेटू." सोळा वर्षांची घोडी मी, पण खरंच वाटलं, की हे जरा लांबचं माहेरपण आहे, एवढंच.

लोक तुम्हाला इसाई बुवा म्हणत. मिशनचे बाकीचे प्रचारक बाजारात उभं राहून शुभवर्तमानाची पुस्तकं वाटत, चार पोरं जमत आणि कागद घेऊन पतंग करत. तुम्ही कीर्तन करत होतात. धोतर, उपरणं, हातात चिपळ्या, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं रीतसर; फक्त कथा येशूची. मी पेटीवर, आणि तबल्यावर चाचा, धंद्याने शिंपी, जे शुक्रवारी मशिदीत आणि बाजारच्या दिवशी आपल्याबरोबर. दुसरबीडच्या बाजारात पटांगण भरायचं. भाजीवाल्या बाया माल आवरून पुढे येऊन बसायच्या. आणि त्यांना काय पाहिजे असायचं, हे तुम्हालाही माहीत होतं, मलाही. त्यांना नदी पाहिजे असायची.

हेरोद राजा लेकरं मारायला निघतो, योसेफ रातोरात मरीयेला आणि बाळाला घेऊन मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाटेला लागतो, इथवर तुम्ही भराभर सांगत. मग आवाज खाली. चाचांचा तबलाही खाली, नुसता डग्गा घुमतोय. "आन् म्होरं पाह्यते तं काय बाप्पा, नदीले पूर!" अंगावर काटा यायचा. मरीया बाळाला टोपलीत घालते, योसेफ टोपली डोक्यावर घेतो, पाणी मांड्यांना, पाणी छातीला, पाणी हनुवटीला. बाळाचा पाय टोपलीतून बाहेर येतो, पाण्याला लागतो, आणि पूर ओसरतो. बाया डोक्यावरचा पदर सावरून हात जोडत. दुसरबीडला ती नदी खडकपूर्णा असायची, मेहकरला पैनगंगा. जे गाव, तिथली नदी. मी तो अध्याय संडे स्कूलमध्ये पाठ केला होता, बक्षीसही मिळालं होतं मला, आणि त्यात नदीचा थेंब नाही. पण तुमचा आवाज त्या ओळींच्या मधे असा बसला होता की डोळे वाचायचे ते वाचत आणि कान नदी ऐकत. नदी शास्त्रातच आहे, याबद्दल मला कधी शंका आली नाही.

वकीलसाहेब तुमचे दोस्त होते, हे आधी सांगते, नाहीतर मी त्यांच्यावर उगाच राग काढीन. देवळाकडच्या गल्लीत त्यांचं घर, दिवाणखान्यात पुस्तकंच पुस्तकं, स्वतः कोणत्याच देवाला हात न जोडणारे. आई गेली तेव्हा आठवडाभर त्यांच्या घरून आपल्याला पोळीभाजी आली. तुम्ही त्यांच्या ओसरीवर जाऊन तासन्‌तास वाद घालत होतात आणि दोघंही खुशीत असायचात. मग वाचनालयाच्या मंडळींनी ठरवलं, हे ओसरीवर कशाला, सगळ्यांसमोरच होऊ द्या. येशू इतिहासातला माणूस की पुराणातली गोष्ट, असा विषय फळ्यावर खडूने लिहिला. तुम्ही हो म्हणालात. आ बैल मला मार! आई असती तर तुमचा सदराच लपवून ठेवला असता. रविवारी उपासना आटोपून, तिसऱ्या प्रहरी, आपण दोघं गेलो. वाचनालय खच्चून भरलेलं. मिशनची मंडळी एका बाजूला, गावातली दुसऱ्या बाजूला, चाचा मधे दाराशी उभे.

वकीलसाहेब उठले. आवाज चढवला नाही, टिंगल केली नाही. "बुवा, मी तुमच्या देवाला खोटं म्हणत नाही. मी एवढंच विचारतो, हा माणूस होऊन गेला, की गोष्ट होऊन गेली?" त्याच्या हयातीत त्याच्याबद्दल एक ओळही कोणी लिहिली नाही, म्हणाले, लिहिणारे सगळे मागाहूनचे, आणि बहुतेक त्याचेच भक्त. कुमारीच्या पोटी जन्म आपल्याकडेही आहे, कुंतीला विचारा. तान्ह्या लेकरांना मारणारा राजा आपल्याकडेही आहे. तिकडच्या मुलखात पीक कापलं की मरणारा आणि पेरलं की उठणारा देव आधीपासून होता, बाया त्याच्यासाठी रडत आणि मग नाचत. नाताळ म्हणता, तो सूर्य वळण्याच्या सुमाराचा जुना सण. तुम्ही उभं राहून उत्तरं दिलीत. त्याला सुळावर देणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताचं नाव सांगितलंत, की पुराणात सुभेदाराचं नाव आणि हुद्दा नसतो. ज्यांनी त्याच्याबरोबर भाकर खाल्ली ती माणसं नंतर त्याच्यासाठी मेली, गोष्टीसाठी कोण मरतं, असं विचारलंत. बरोबरीत चाललं होतं, बाबा. मला वाटलं, आपण जिंकतोय. मी मनात आईला म्हटलं, ऐक.

मग वकीलसाहेबांनी टेबलावरचं पवित्र शास्त्र उचललं आणि तुमच्या हातात दिलं. "दुसरबीडच्या बाजारात मी तुमचं कीर्तन उभं राहून ऐकलंय, बुवा. सुंदर करता. ती नदी कोणत्या अध्यायात आहे, तेवढं दाखवा." मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, आता पान उघडाल. तुम्ही पुस्तक उघडलंच नाहीत. "नाही त्यात," म्हणालात. मग कुठून आली? "मी आणली. लहानपणी आजीनं किसनाची गोष्ट सांगितली होती, वसुदेव त्याले पुरातून नेते ती. लोकायले आवडते म्हनून घातली. आता लय वर्सं झाली." मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. वकीलसाहेब हसले नाहीत. त्यांनी अगदी हळू, जणू त्यांनाही ते बोलायचं नव्हतं, अशा आवाजात विचारलं, "मग बुवा, तिकडच्या एखाद्या कीर्तनकाराने त्या काळी असंच केलं नसेल कशावरून?"

तुम्ही पुस्तक टेबलावर ठेवलंत आणि खाली बसलात. पंख्याचा आवाज नाही, कारण पंखाच नव्हता. नुसती माणसांच्या श्वासाची घरघर. नदी तुमची, तर मग तारा कोणाचा? मेंढपाळ कोणी आणले? येशूच्या थडग्यावरची धोंड कोणी सरकवली, देवदूताने की कुणा बुवाने, बाया समोर बसल्या होत्या आणि त्यांना आवडेल म्हणून? एक धागा ओढला की गोधडीचा बाकीचा दोरा कसा सरसर येतो, तसं माझ्या डोक्यात उसवत गेलं, आणि शेवटी राहिली मागच्या खोलीतली आई, कण्हायची थांबलेली. तो थडग्यातून उठला नसेल, तर तीही उठणार नाही. ती जमिनीत आहे. नुसती जमिनीत. भर उन्हाळ्यात मला हुडहुडी भरली. मी पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला, आणि शेजारची मिशनची बाई म्हणाली, "काय वं, ताप आला का?"

परत येताना तुम्ही पुढे, मी मागे. मी धीर करून विचारलंच. "बाबा, रिकामं थडगंसुद्धा तुम्हीच घातलंत का?" तुम्ही गर्रकन वळलात. "चूप! एक शब्द काढू नोको तोंडातून!" तुम्ही मला कधी रागावला नव्हतात. पेटी पाडून फोडली तेव्हासुद्धा नाही. लोक बघायला लागले. तुम्ही पुन्हा चालायला लागलात आणि मला तुमची पाठ दिसली, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, खांदे वर ओढलेले, कोणी मागून मारणार आहे असे. तेव्हा मला कळलं की तुम्हालाही भीती वाटतेय. वकीलसाहेबांची नाही, गावाची नाही. माझ्याच प्रश्नाची. माय वं, त्यासारखं भयंकर दुसरं काही नाही हो. आपण अंधारात बापाचा हात धरावा आणि तो हातच थरथरत असावा.

सकाळी मी चुलीशी बसले होते. माझी भाकरी म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, एका बाजूने कोळसा, दुसऱ्या बाजूने पीठ. तुम्ही आलात, मला बाजूला सारलंत आणि स्वतः थापायला बसलात. आई गेल्यापासून तुम्ही शिकला होतात. कितीतरी वेळ नुसता थपथप आवाज. मग माझ्याकडे न पाहता बोलायला लागलात. "पोरी, म्या लय वर्सं कीर्तन केलं. गोष्टीत भर कशी घालतेत, हे मले कोनी शिकवू नये. भर घालनारा मोठेपना घालते. पूर घालते, उजेड घालते, राजाले लोटांगन घालाले लावते. लाज कोनी घालत नाई." मी म्हटलं, म्हणजे? "त्याले धरलं तवा त्याची मानसं पळून गेली. सगळ्यात जवळचा गडी म्हने, मी ह्याले वळखतच नाई. मेला तो कसा? दोन चोरायच्या मधात, देवा मले काऊन सोडलं म्हनत. असा देव कोन रचंल? आन् थडगं रिकामं हाय हे पयल्यांदा पाह्यलं कोनी? बायायनं. त्या काळात बाईची साक्ष कोन धरत होतं? म्या रचलं असतं तं पाटलाले धाडलं असतं, नाई तं फौजदाराले."

मी म्हटलं, "मग हे काल सगळ्यांसमोर का नाही बोललात?" तुम्ही भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि म्हणालात, "काल सुचलं नाई वं." आणि आपण दोघंही हसलो, डोळ्यांत धूर जाऊन पाणी आलेलं. त्या वेळेपुरतं मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. पण भीती काय, दुपारपर्यंत पुन्हा हजर. मला वाटायला लागलं, समजा तुमच्याहून हुशार एखादा बुवा असेल तर? लाज घातली की लोक जास्त विश्वास ठेवतात, हे ज्याला कळतं असा? तुम्हाला विचारलं नाही. तुमचे खांदे पुन्हा वर ओढलेले मला पाहायचे नव्हते. वादात वकीलसाहेब बरोबर की तुम्ही, हे मी तेव्हाही ठरवू शकले नाही, आणि आजही कोणी विचारलं तर मी दोघांनाही अर्धे अर्धे मार्क देईन. पण आई अर्धी भेटत नसते ना, बाबा. भेटते तर भेटते, नाहीतर नाही.

पुढच्या बाजारी दुसरबीडला गेलो. तीच जागा, त्याच बाया. हेरोदाचे शिपाई निघाले, योसेफ निघाला, चाचांनी सवयीने डग्गा घुमवायला सुरुवात केली आणि तुम्ही हाताने थांबवलंत. "ते पायी गेले," म्हणालात. "वाट फुफाट्याची होती. लेकरू रडत होतं." एवढंच, आणि पुढे गेलात. मी पेटीवर बोटं ठेवून तशीच बसले, कारण पुराचा सूर माझ्या बोटांत तयार होता. कीर्तन संपल्यावर मिरच्या विकणारी एक म्हातारी, जी दर बाजारी पुढच्या रांगेत असायची, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बुवा, नदी काऊन आटवली हो?" तुम्ही म्हणालात, "ते माही होती माय. त्याची नव्हती." ती म्हणे, "मंग थो लेकरू वाचला कसा?" "वाचला. कसा ते मले माईत नाई. चालत गेले, आन् वाचला." म्हातारीने टोपली उचलली. "हे काई बरं नाई केलं तुमी," म्हणाली, आणि खरंच दुखावून गेली. त्यानंतर गर्दी कमी होत गेली. मिशनच्या साहेबांनी दोनदा विचारलं, बुवा, लोक का येत नाहीत. तुम्ही काही सांगितलं नाही. पण नदी परत आणली नाहीत.

परतीच्या एस.टी.त चाचा म्हणाले, "बुवा, हमारे में तो ईसा सूली पे चढे ही नहीं, सीधे उठा लिए गए. फिर भी तबला मैं आपकाच बजाता ना?" तुम्ही मोठ्याने हसलात, आई गेल्यापासून पहिल्यांदा, आणि त्यांच्या मांडीवर थाप मारलीत. मी खिडकीशी बसून ऐकत होते आणि मला हसू येत नव्हतं. चाचांचं एक, वकीलसाहेबांचं दुसरं, तुमचं तिसरं. तिघंही भले, तिघंही माझ्यावर माया करणारे. बाहेर कापसाची रिकामी शेतं मागे जात होती, आणि मला एवढंच वाटत होतं की तुम्हा तिघांचं जमतं, कारण तुमच्यातल्या कोणाची आई या उन्हाळ्यात गेलेली नाही.

मी नर्स झाले ती भीतीपोटीच, हे तुम्हाला तेव्हा कळलं असेल. मला पाहायचं होतं, शेवटच्या घटकेला माणसाला काय दिसतं. काही नाही हो दिसत. कोणी पाणी मागतं, कोणी म्हशीचं विचारतं. एक म्हातारा सोनाळ्याचा, दिवसभर दाराकडे बघून हसला आणि मग गेला. मी त्याच्या उशाशी जाऊन उभी राहिले, त्याच जागेवरून पाहिलं, मला भिंतीचा रंग दिसला. नातेवाईक विचारायचे, सिस्टर, कुठे गेले असतील? मी नाडी सोडायचे आणि चादर नीट करायचे.

आणि मग तुम्ही आजारी पडलात. पोटात पाणी व्हायला लागलं तेव्हाच मी ओळखलं, तुम्हीही माझं तोंड पाहून ओळखलं. मी रजा काढून घरी आले. एका दुपारी चर्चचे पाळकसाहेब प्रार्थनेला आले होते, आणि तुम्ही त्यांना सांगितलंत की मला तिच्या शेजारी पुरू नका. तिच्या पायथ्याशी पुरा, आणि उलटं, डोकं पूर्वेला. पाळकसाहेबांना आधी कळेचना. आपल्यात सगळ्यांची डोकी पश्चिमेला, कारण प्रभू पूर्वेकडून येणार आणि सगळे त्याच्याकडे तोंड करून उठणार. "बुवा, अहो, तुम्ही प्रभूकडे पाठ करून उठणार?" तुम्ही म्हणालात, "उठून बसलो का पयलं मले तिचं तोंड दिसलं पाह्यजे. त्याच्याकडं मंग वळीन ना. तो थांबंल. तिनं लय वाट पाह्यली." पाळकसाहेब रागावून गेले. मी तुमच्या उशाशी बसले आणि इतक्या वर्षांनी तो प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी भीतभीत, अगदी कानाशी. "बाबा, तुम्हाला पक्कं माहीत आहे? उठणार म्हणून?" तुम्ही डोळे मिटून होतात. मला वाटलं झोपलात. मग म्हणालात, "नाई. पक्कं नाई. मले बी भेव वाटते. म्हनून तं आधीच सांगून ठेवून राह्यलो."

तुम्ही गेल्यावर कबरस्थानात तमाशा झाला. पाळकसाहेब म्हणाले, असं उलटं पुरणार नाही, उद्या सगळेच आपापल्या सोयीने निजतील. खड्डा तयार, शवपेटी बाजूला, ऊन डोक्यावर, आणि मिशनची मंडळी दोन गटांत. मी रडत होते की भांडत होते, मला आठवत नाही. तेवढ्यात वकीलसाहेब पुढे आले. काठी टेकत, म्हातारे झालेले. म्हणाले, "माणसाने मरताना सांगितलेलं आहे. साक्षीदार ही मुलगी आहे. कोणत्या कायद्याने अडवता, ते मला दाखवा." पाळकसाहेब म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही तर हे काहीच मानत नाही." ते म्हणाले, "मी मानत नाही हो. ते मानत होते ना. मग त्यांना नीट बसू द्या." तुम्हाला उलटं ठेवलं. सगळे गेल्यावर वकीलसाहेब तिथेच उभे राहिले, तुमच्याकडे पाहत, मग आईच्या थडग्याकडे पाहत, जणू अंतर मोजत होते. मला म्हणाले, "बरोबर येईल," आणि निघून गेले.

बाबा, मागच्या आठवड्यात मी मेहकरला जाऊन आले. सुनेला सांगितलं, ऑपरेशनच्या आधी थडगी झाडून येते. तेवढंच करायचं होतं. गवत काढलं, चुना मारणाऱ्याला पैसे दिले. तुमच्या शेजारी अजून एक जागा आहे, कडुलिंबाच्या बाजूची. मी तिथे उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की मी मघापासून दिशा बघतेय. आईसारखं निजलं तर तुम्ही दिसाल. तुमच्यासारखं निजलं तर आई दिसेल. मी तुमच्यासारखं ठरवलं. रागावू नका, तुम्हाला मी पुष्कळ पाहिलंय. मुलाला अजून सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडते आणि त्या दाढीवाल्याचा आवाज येतो, वकीलसाहेबांचा येतो, आणि माझी जीभ आत जाते. हा कागदही त्याला दाखवणार नाही. पोस्टात टाकायचा तर प्रश्नच नाही, पोस्टमन हसेल.

पण खरं सांगायचं तर परतीच्या एस.टी.त मला भीती वाटली ती ऑपरेशनची नाही, आणि वकीलसाहेबांच्या प्रश्नाचीही नाही. आई गेली तेव्हा छत्तिशीची होती. मी आता तिच्या आईपेक्षाही म्हातारी दिसते. केस गेले, दात बसवलेले, पाठ वाकली. ती उठून बसली, समोर पाहिलं, आणि मला ओळखलंच नाही तर? तुम्ही मला थोडी तरी मोठी झालेली पाहिलंत, बाबा. तुम्ही शेजारीच असाल. तेवढं सांगा तिला, ही आपली पोरगीच आहे म्हणून.